रेटिनॉलचे दोन हात

आमची ताई भिंती रंगवते. मीही तिच्याच हाताखाली शिकले. आम्हा दोघींना काम देतो तो आमचा थोरला भाऊ, दादा.

पन्नाशीला टेकल्यावर ताईनं एक दिवस रेटिनॉलची ट्यूब आणली, डाग-सुरकुत्यांवर लावायचं क्रीम. उन्हानं गालांवर डाग पडले होते, कपाळावर रेघा. "मला माझं तोंड नीट करायचंय," म्हणाली. बस्स, सगळे हसत सुटले! वहिनी म्हणाली, "आता या वयात कोणाला दाखवायचंय?" दादानं तर "दर्शनी भिंत रंगवायला काढली वाटतं" म्हणून टाळीच मागितली. असा संताप आला मला! स्वतः मिशा काळ्या करतो, त्याला कोणी विचारत नाही.

आता ताईचं चुकलं, नाही असं नाही. एका हातात भिंत झाकत नाही, रंगाचा दुसरा हात द्यावाच लागतो, हे तिच्या अंगात भिनलेलं. तिनं तोंडालाही रोज दोन हात दिले. पहिला वाळला की दुसरा! आणि सकाळी तसंच तोंड घेऊन उन्हात शिडीवर. आठवडाभरात गाल लालबुंद झाले, नाकाशेजारची कातडी सुटायला लागली, साधं पाणी लागलं तरी "आई गं!"

"फिटली हौस?" म्हणत दादानं ट्यूब कचऱ्यात टाकली. ताईनं ती उचलली, पुसली आणि मला घेऊन थेट त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाई हसल्या नाहीत, तिथेच मला आवडल्या. आधी विचारलं, "दिवस वगैरे गेलेले नाहीत ना? त्यात हे लावायचं नसतं." ताई म्हणाली, "अहो, आता माझ्या लेकीला विचारा!" मग बाईंनी बजावलं, कातडी पूर्ण बरी होईपर्यंत बंद. नंतर फक्त रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं, डोळे-ओठ सोडून. वरून साधं मॉइश्चरायझर. सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच, सोसलं तर हळूहळू वाढवायचं. दिवसा सनस्क्रीन, टोपी आणि होईल तेवढी सावली.

"फरक दिसायला महिने लागतील," त्या म्हणाल्या.

"लागू देत की."

कातडी बरी झाल्यावर ताईनं पुन्हा सुरू केलं, अगदी सांगितल्यासारखं. तेवढ्यात एका मोठ्या इमारतीचं बाहेरचं काम आलं. मालकाला रस्त्याकडची भिंत आधी हवी होती आणि तिच्यावर भर दुपारचं ऊन. ताई म्हणाली, "ऊन सरकलं की चढते. तोवर मागची भिंत घेते."

दादाचं डोकंच फिरलं. सगळ्या माणसांसमोर ओरडला, "तुझ्या नखऱ्यांसाठी मी काम फिरवू? क्रीम सोड, नाहीतर काम सोड!"

ताईचं घर याच कामावर चालतं. ती मात्र जागची हलली नाही.

"तापलेल्या भिंतीवर रंग मारू नये, हे मला कोणी शिकवलं?"

"मीच."

"का मारू नये?"

"फुगतो. पापुद्रे सुटतात."

"रंगाला ऊन लागेल म्हणून तुझा जीव खालीवर होतो," ताई म्हणाली. "मी तर तुझी सख्खी बहीण आहे रे."

दादानं स्वतःच रंगाचा डबा उचलून मागच्या भिंतीशी नेऊन ठेवला. ताईनं टोपी चढवली, शिडी उचलली आणि मागच्या भिंतीला लावली.