बादलीतली गुलाबी बाजरी

बोरी गावच्या रानात पेरून उरलेली बाजरी भरतनं सालपटांच्या बादलीत ओतली, तेव्हा त्याला स्वतःचं कौतुकच वाटलं. पिशवी स्कूटरच्या डिकीत फाटली होती. धान्य म्हणजे ओला कचरा, असं ठरवून पतसंस्थेतल्या आपल्या टेबलावर शिक्का मारावा तशा ऐटीत त्यानं ते काम उरकलं. ते बियाणं होतं, त्याला विषारी औषध चोळलं होतं आणि म्हणूनच ते गुलाबी होतं, हे त्याला चहाच्या दुसऱ्या घोटाला आठवलं. तोवर सुंदरामावशी बादली घेऊन गेली होती.

"आरती, मावशी कधी गेली गं?"

"मघाशीच. का हो?"

'का हो' ऐकायला भरत घरात नव्हता.

सुंदरामावशीच्या घरानं एकेकाळी मेंढरांमागे कोकण पालथं घातलेलं. आता जुन्नरच्या कडेला एक म्हैस आणि एक गाभण शेळी, एवढाच बारदाना. त्यांच्यासाठी ती साऱ्या आळीचं खरकटं गोळा करायची. कचऱ्याची घंटागाडी आळीत अजून सुरू व्हायची होती, पण आळीला शिस्त मावशीनं आधीच लावलेली. सावळेराम मास्तरांच्या बादलीत ब्लेड निघालं, तेव्हा तिनं ती बादली त्यांच्याच उंबऱ्यावर पालथी केली. तेव्हापासून मास्तर दाढीला न्हाव्याकडे जातात.

भरत पोचला तेव्हा सगळ्या घरांचं खरकटं एका घमेल्यात एक झालं होतं. म्हैस दावं ताणत होती. शेळीचं तोंड घमेल्यात.

"मावशी, शेळी ओढा! औषधाचं बियाणं आहे त्यात!"

मावशीनं शेळी मागं खेचली. शेळीचे ओठ गुलाबी.

मावशीनं शिवी दिली नाही, त्यानं भरत जास्तच घाबरला. तिनं शेळीचा जबडा फाकवला, गालफडात बोटं घातली. "दिवस भरल्यात तिचं, भाऊ," एवढंच बोलली. बोटांबरोबर एक लाल लगदा बाहेर आला. दोघांनी वाकून पाहिलं. बिटाचं सालपट.

"बिटानं रक्त वाढतं, मावशी," भरत सुटल्यासारखा हसला.

"आन् बाजरी किती गेली पोटात, ते कोन सांगल? बसा."

तिनं घमेलं गोणपाटावर ओतलं. भरत ऑफिसच्या पँटीत उकिडवा बसला. दोडक्याच्या शिरा, शिळी पोळी, केळीची सालं आणि त्यांना चिकटलेला एकेक गुलाबी दाणा. मावशीचं लक्ष मात्र शेळीकडे. शेळी मान खाली घालून गप्प उभी. पाय तर लटपटत नाहीत ना? भरतच्या हातातला दाणा हातातच राहिला.

बऱ्याच वेळानं शेळी खाली बसली आणि सावकाश रवंथ करू लागली. मावशीनं पदरानं तोंड पुसलं.

"झालं, मावशी. एक दाणा राहिला नाही. घाला म्हशीला."

"तुमच्या हातानं घाला."

भरतनं ऐटीत मूठ भरली. म्हशीनं जीभ लांब काढली. हात अर्ध्यावर थांबला, मग मागं आला. मावशीनं खड्डा खणला, सगळा ढीग पुरला, वर दगड ठेवला आणि म्हशीपुढं कडबा टाकला.

साबणानं हात घासता घासता भरतला राग आला. "पुरायचंच होतं, तर मला एवढा वेळ निवडायला का बसवलंत?"

"आता बादलीत टाकायच्या आधी घरी निवडाल."