टॉफीच्या जागची गाय

डेस हिंटनला बायको ओळखू येईनाशी झाली, त्याला दोन वर्षं झाली. पण गायीचं नाव, तिच्या आईचं नाव आणि तिच्या कुठल्या सडाला धार जड येते, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. माणसाचं डोकं काय ठेवतं नि काय टाकून देतं, याला काही धरबंध नाही!

तारानाकीच्या डोंगराखाली त्यांच्या साठ गायी होत्या. कळप विकला तेव्हा त्याच्या बायकोने, नोलीनने, टॉफी ही एकच जर्सी राखून ठेवली. कारण गोठ्यात शिरला की डेस पूर्वीचा डेस व्हायचा. हात थरथरायचे थांबत, आणि एखाद्या दिवशी तो चक्क हाक मारायचा, "नोलीन, बादली आण गं!" त्या एका हाकेसाठी ती पहाटे पाचला उठायची.

मे महिन्यात गाय आटली की त्याचे हाल सुरू. दारं उघडी टाकून तो रस्त्याला लागायचा. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, पुरे झालं. बाबांना वृद्धाश्रमात ठेव आता."

"ऑगस्टात गाय विऊ दे, मग बघ कसा ताळ्यावर येतो," नोलीन म्हणायची.

यंदा टॉफी व्याली आणि दुसऱ्याच दिवशी दुग्धज्वराने गेली. कॅल्शियमची बाटली चढवेपर्यंत तिने मान टाकली होती. डेस तेव्हा झोपला होता. नोलीन तशीच शेजारच्या हेमीकडे धावली.

हेमीने आपली नुकतीच व्यालेली जर्सी आणून बांधली. "मावशी, रंग तोच, शिंगं हिलाही नाहीत. हिच्या आईलासुद्धा फरक कळायचा नाही!"

नोलीन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

सकाळी तिने डेसच्या पायात गमबूट चढवले. "चल, टॉफी ताटकळली असेल."

डेसने स्टूल सरकवलं, कासेला हात लावला आणि थांबला. दुसरा सड दाबून पाहिला. मग गायीला वाईट वाटू नये अशा बेताने तिची पाठ थोपटत म्हणाला, "ही माझी गाय नाही."

"अरे, तीच आहे. व्याल्यावर जरा बदलतात."

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही भल्या दिसता. पण मला उगाच बनवू नका. टॉफी मेली का?"

नोलीनला रडू फुटलं.

डेसने खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला. "रडू नका हो. घरात माझी बायको आहे, नोलीन. तिला बोलवा. काही झालं असेल तर ती सांगेल. ती मला कधी फसवायची नाही."

नोलीन घरात गेली. तोंड धुतलं, अ‍ॅप्रन काढला, केस विंचरले, त्याला आवडायचा तो निळा स्वेटर घातला. परत आली तेव्हा तो दाराकडे डोळे लावून बसला होता.

"डेस, टॉफी गेली रे," ती म्हणाली. "मी खोटं बोलले तुझ्याशी."

डेसने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"नोलीन सापडली नाही का? असू दे," तो म्हणाला. "मी थांबतो."