पोतं हललं नव्हतं

चूक दुसऱ्याची आहे हे मला फार लवकर दिसतं. चहा सांडला तर कप डुगडुगणारा असतो, बस चुकली तर घड्याळ मागं पडलेलं असतं. आमच्या घराण्यातच हे आहे. विहिरीत घागर पडली की माझे वडील दोराला शिव्या द्यायचे. त्यामुळं तीन वर्षांपूर्वी ताडकळसच्या रस्त्यावर माझी मोटारसायकल पडली आणि बायकोचा पाय मोडला, तेव्हा चूक कुणाची हे मी धुळीत पडल्या पडल्याच ठरवून टाकलं होतं.

आम्ही बोरीहून ताडकळसला तिच्या माहेरी निघालो होतो. दसरा होऊन गेला होता आणि अर्ध्या रस्त्यावर लोकांनी सोयाबीन वाळत घातलं होतं. ती नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून बसलेली, एक हात माझ्या खांद्यावर, मांडीवर पिशवी, पिशवीत तिच्या आईसाठी केलेले डिंकाचे लाडू. एका वळणावर सोयाबीन अगदी पुढ्यात आलं. पुढचं मला आठवत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. गाडी घसरली आणि ती गाडीखाली आली, एवढंच.

दवाखान्यात तिचे दोन्ही भाऊ आले, आई आली. कसं झालं म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, "ही हलली. ऐन वळणावर ही हलली, मी काय करू?" सगळ्यांना ते लगेच पटलं. बाईमाणूस गाडीवर पदर सावरतं, पिशवी सावरतं, मध्येच मागं वळून बघतं, हे कुणाला सांगावं लागत नाही. सासूबाईंना मी मामी म्हणायचो. त्यांनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि तिलाच रागावल्या, "नीट बसावं ना माय." बायको छताकडं बघत पडली होती. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला ते कबूल आहे, असं मी धरून चाललो.

पायात सळई बसवली. हाड जुळलं, पण गुडघा पुरता वाकेना. लग्नकार्यात सगळ्या बायका पंगतीला खाली बसायच्या आणि ती एकटी भिंतीकडं खुर्चीवर. माझ्या गाडीवर मात्र ती परत बसली नाही. त्यावरून भांडण नाही, रुसवा नाही. पाय अवघडतो, मी एस्टीनं जाते, एवढंच म्हणायची. एस्टीची पहिली पायरी किती उंच असते ते मला तेव्हा कळलं. ती दांडा धरायची, चांगला पाय वर टाकायची आणि दुसरा पाय गुडघ्याखाली हात घालून उचलून घ्यायची. मागची माणसं चला चला करायची. मी बसच्या मागून रिकाम्या गाडीवर जायचो. गेल्या उन्हाळ्यात मामी आजारी पडून वारल्या, तेव्हा शेवटचे आठ दिवस ती माहेरीच होती. तिकडंही ती एस्टीनंच गेली.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात माझी नोकरी. मी डॉक्टर नाही, पण गावोगाव लोक डॉक्टरच म्हणतात आणि मीही ते खोडून काढत नाही. दिवसाला चार-पाच गावं फिरावी लागतात. तोंडानं मी बायकोला दोष देत होतो खरा, पण वळण दिसलं की घाबरायचो मीच. दोन्ही पाय खाली सोडून, जमीन चाचपत मी वळण काढायचो. गाडीला दुधाचे कॅन लावलेले म्हातारे मला मागं टाकून जायचे. जिंतूरच्या ऑफिसात साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, तुमी पोचेपर्यंत म्हशीच्या पोटातलं रेडकू चरायला जाईल. सगळे हसले, मीही हसलो आणि घरी येऊन जेवलो नाही.

ट्रॅकचं मला साहेबांनीच सांगितलं. परभणीजवळ कापसाची एक जिनिंग मिल बरीच वर्षं बंद आहे. तिच्या आवारात लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार महिन्यातून एका रविवारी मोटारसायकलवाल्यांना गाडी नीट चालवायला शिकवतात. पोरं त्याला ट्रॅक डे म्हणतात. मी नाव दिलं, त्यामागं एक कारण होतं आणि ते मी कुणाला बोललो नाही. माझा हात पुन्हा गाडीवर बसला की तीही पुन्हा माझ्या मागं बसेल, असं मला वाटत होतं. मला ती मागं पाहिजे होती. खांद्यावरचा तिचा हात गेल्यापासून तो खांदा मला रिकामा रिकामा वाटायचा.

ट्रॅक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं टीव्हीवरचं काहीतरी होतं. इथं कापसाच्या गंजी लावायच्या काँक्रीटवर कबड्डीच्या मैदानासारखा चुन्यानं रस्ता आखलेला आणि वळणावळणाला जुनी टायरं ठेवलेली. आम्ही नऊ जण होतो. बाकीची सगळी पंचविशीच्या आतली, अंगात जाड जाकिटं, खाली महागाच्या गाड्या. माझ्या गाडीला औषधाची पेटी. सुभेदारांनी ती उतरवायला लावली आणि माझ्या गुडघ्यांना पट्टे बांधले. सकाळभर सरळ रेषेत ब्रेक मारायला शिकवलं, मग मोकळी वळणं. मी सगळ्यांत मागं होतो, पण पाय खाली सोडत नव्हतो, तेवढ्यावर खूश होतो.

दुपारच्या डब्यानंतर सुभेदारांनी विचारलं, मागं माणूस बसवून कोण कोण चालवतं. पोरांनी माझ्याकडं बघितलं. सुभेदारांनी सरकीचं एक भरलं पोतं आणून माझ्या मागच्या सीटवर दोरीनं आवळून बांधलं. मग चार-पाच ओंजळी सरकी एका वळणावर पसरली आणि म्हणाले, आता हे वळण काढा, सरकीच्या आतल्या बाजूनं.

मी निघालो. वळण आलं, सरकी दिसली. आणि जे मला आठवत नाही म्हणून मी तीन वर्षं सांगत होतो, ते सगळं आठवलं, कारण ते तसंच्या तसं पुन्हा घडत होतं. डोळे सरकीवर खिळले. गाडी सरळ तिकडंच निघाली. उजव्या हाताच्या चारही बोटांनी पुढचा ब्रेक आवळला, हँडल आधीच वळलेलं होतं, पुढचं चाक सटकलं आणि गाडी डाव्या अंगावर गेली. वेग कमी होता म्हणून कोपर खरचटण्यावर भागलं.

उठून मी मागं बघितलं. पोतं बांधलं होतं तसंच होतं. दोरीची एक गाठसुद्धा सैल झाली नव्हती. पोत्याला पदर नव्हता, मांडीवर पिशवी नव्हती. पोतं हललं नव्हतं.

सुभेदार शेजारी येऊन उभे राहिले. "डॉक्टर, बघत कुठं व्हता?"

"सरकीकडं."

"गाडी डोळ्यांच्या मागं जाती. अन् वळणात पुढचा ब्रेक दाबला की ती पडणारच. मागं कोन बी बसू द्या."

ते रागावून बोलले नव्हते. पण मी तिथंच खाली बसलो आणि मला रडू आलं. जोरात लागलं असेल असं समजून एका पोरानं पाण्याची बाटली आणून दिली.

मला तेव्हाच निघायचं होतं. सुभेदारांनी सोडलं नाही. वळणाच्या आधीच वेग कमी करा, जिथं जायचंय तिथं बघा, हात ढिले ठेवा, असं सांगत त्यांनी पोत्यासकट मला पुन्हा पुन्हा त्याच वळणावर पाठवलं. पाचव्या-सहाव्या खेपेला सरकी बाजूला राहिली आणि गाडी अलगद निघून गेली. उन्हं कलेपर्यंत माझी भीती गेली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढी मोठी भीती जावी आणि माणसाला जराही आनंद होऊ नये, हे माझ्या आयुष्यात एकदाच झालं.

घराकडं यायचं सोडून मी आधी ताडकळसच्या रस्त्याला गेलो. ते वळण सापडायला वेळ लागला, कारण ते अगदी साधं वळण होतं. मी दोनदा ते काढलं. मग बोरीला आलो.

ती अंगणात खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. कोपराला काय झालं म्हणून तिनं विचारलं. मी पोत्याचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तू हलली नव्हतीस."

तिचे हात थांबले नाहीत. "मला ठावं हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"दवाखान्यात तुमचे हात लटलट कापायलते. तवा मी बोलले असते तर तुमी परत गाडीला हात लावला नसता. गाडीबिगर नोकरी कशी व्हायची?" दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर ती पुढं म्हणाली, "मला वाटलं, चार दिवसांनी तुमचं तुमीच सांगताल."

चार दिवसांची तीन वर्षं झाली होती. मला माझी लाज वाटली, आजही वाटते.

पुढच्या रविवारी ताडकळसला जाऊन सगळ्यांसमोर सांगतो, असं मी म्हणालो. ती बरं म्हणाली आणि एस्टीनं आली. तिच्या दोन्ही भावांना बसवून मी सांगितलं, की चूक माझी होती, ही हललीच नव्हती. धाकटा भाऊ म्हणाला, जाऊ द्या दाजी, झालं ते झालं. थोरल्यानं चहा आणायला सांगितला. त्यांच्या लेखी ती गोष्ट कधीच संपली होती. चहा झाला, तुरीच्या दराच्या गोष्टी निघाल्या. मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

भाऊ उठून बाहेर गेल्यावर बायको खुर्चीवरूनच भिंतीकडं बघत म्हणाली, "त्यांना काय सांगायलात? तिला सांगा." भिंतीवर मामींचा फोटो होता, चंदनी हार घातलेला. "जाताना बी मला म्हणली, गाडीवर नीट बसत जा माय." हे सांगताना तिचा आवाज फाटला. तीन वर्षांत तसा मी पहिल्यांदा ऐकला.

मी उठलो. फोटोपुढं उभा राहिलो, हात जोडले.

"मामी," मी म्हणालो, "ती नीट बसली व्हती."

मागं बायकोनं पदरानं डोळे पुसले, खुर्चीला धरून उठली आणि चारची बस निघून जाईल म्हणाली.