तेल लावलेला गहू

बी उगवलं नाही की लोक मला फोन करतात. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गोरखीजवळच्या माझ्या दोन खोल्यांपुढच्या अंगणात कुंड्या मांडल्या, एवढ्याच भांडवलावर ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळींत मी बियांची डॉक्टर होऊन बसले आहे. कुणाचं कारलं वर येत नसतं. मी विचारते, भिजवलं होतं का? नसतंच भिजवलेलं. कुणी कोथिंबिरीसाठी अख्खे धने टाकलेले असतात, कुणी मेथी वीतभर खोल पुरलेली असते, कुणी भर मे महिन्यात टोमॅटो पेरलेला असतो, जेव्हा आमच्याकडे कुंडीला हात लावला तरी चटका बसतो. आणि निम्म्याहून जास्त बिया मरतात त्या मायेनं. येता जाता पाणी घालायचं, आणि रोज सकाळी माती उकरून बघायचं की आलं का काही. तुम्हाला असं रोज सकाळी कुणी पांघरूण ओढून बघितलं तर तुम्ही तरी वाढाल का, असं मी त्यांना ऐकवते. माझी जीभ तिखट आहे, पण सल्ला फुकट असल्यामुळे लोक ऐकून घेतात.

एक गोष्ट मात्र मला अनेक वर्षं खटकत आली आहे. बी उगवलं नाही की पुरुष दुकानदाराला शिव्या देतात, आणि बायका म्हणतात, माझ्या हातालाच यश नाही. शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या बायकासुद्धा हेच म्हणतात. मला याचा भयंकर राग येतो. हाताचा काय संबंध, बीला ओल हवी, हवा हवी, बेताची ऊब हवी, आणि ते आतून जिवंत हवं. एवढं असलं की ते कुणाच्याही हातून उगवतं. वर्गात मुलींना मी हे शंभर वेळा सांगितलं असेल.

गेल्या नवरात्रात हेच सगळं मला आमच्याच घरात सांगावं लागलं.

माझा भाऊ शिंदे की छावनीत राहतो. घरात तो, वहिनी, त्यांचा मुलगा आणि सून. सून मुरैन्याची, हिंदी घरातली. लग्नानंतर तिनं मराठी भराभर उचलली, पण घाबरली किंवा चिडली की ती सरळ हिंदीत शिरते. मोठी गुणी पोर. आमच्या घराण्याचा घट भावाकडे बसतो आणि तो दरवर्षी वहिनीच बसवतात. त्या वर्षी नेमकं नवरात्राच्या तोंडावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, दिव्याच्या धुराशी बसायचं नाही. देवाच्या बाबतीत वहिनी कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नाहीत, पण डोळ्यापुढे त्यांचाही इलाज चालला नाही. काळा चष्मा लावून त्या आतल्या खोलीत पलंगावर बसल्या आणि तिथूनच सुनेला एकेक सांगत गेल्या. परडीत माती किती, कलशात काय घालायचं, विड्याची पानं कशी लावायची, माळ किती लांब ओवायची. सुनेनं सगळं मन लावून केलं. बाड्यावरच्या बाजारातून स्वतः जाऊन परडी आणली, माती चाळून घेतली, गहू पेरले. मी पहिल्या आरतीला गेले होते. घट इतका सुरेख मांडला होता की मी वहिनींना आत जाऊन सांगितलं, तुम्ही आता निवृत्त व्हायला हरकत नाही.

तिसऱ्या माळेला गेले तर परडीत नुसती काळी माती. ओली, चमकणारी, आणि एक हिरवा ठिपका नाही. सून समईत तेल घालत होती. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "काय गं, धान दिसायला लागलं का?"

"हो आई, थोडं थोडं येतंय," सून म्हणाली, आणि माझ्याकडे बघून तिनं मान खाली घातली.

मग ती मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आत्या, प्लीज, आई को मत बताइए. दोन दिवसांत येईल ना? हमारे यहाँ तो जवारे तीसरे दिन मिट्टी फोड़कर निकल आते हैं." तिच्या माहेरीही नवरात्रात पेरतात, गव्हाच्या जागी जव. जितकं हिरवं दाट तितकं घराला भरभराटीचं, हे तिथेही तसंच मानतात. म्हणजे आमच्या आणि तिच्या, दोन्हीकडच्या समजुती तिच्या डोक्यावर बसल्या होत्या. दसऱ्याला घट उठतो तेव्हा आमचे झाडून सगळे भाऊबंद त्या घरी जमतात आणि ते धान तुऱ्यासारखं कानावर खोवून घेतात. पहिल्यांदा सुनेनं बसवलेला घट म्हणून तर या वर्षी सगळ्यांच्या नजरा तिकडे असणार होत्या.

पण तिची खरी भीती भाऊबंदांची नव्हती. श्रावणात, तिसऱ्या महिन्यात, तिचा गर्भपात झाला होता. घरात कुणी तिला त्यावरून एक शब्द बोललं नव्हतं. वाईट नाही, तसाच चांगलाही नाही. आमच्या घराची ही रीतच आहे, दुःखाच्या जागेला वळसा घालून चालायचं. भाऊ पेपर वाचत राहिला. वहिनी रोज तिच्या हातात दुधाचा पेला देत होत्या आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहत होत्या, पण बोलत नव्हत्या. सून तिसऱ्या आठवड्यात शाळेत कामावर रुजू झाली, आणि आम्ही सगळ्यांनी मानलं की पोर सावरली. आता ती त्या उघड्या परडीकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, ते बघून माझ्या लक्षात आलं की ती काहीही सावरलेली नाही.

"गहू कुठले घेतलेस?" मी विचारलं.

"वरच्या कोठीतले."

मी गच्चीवर गेले. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत वहिनींची गव्हाची कोठी असते. दर उन्हाळ्यात त्या वर्षाचा गहू घेतात, गच्चीवर कडकडीत उन्हं देतात, आणि कीड लागू नये म्हणून एरंडेलाचा हात लावून भरून ठेवतात. झाकण उघडलं तसा तेलाचा वास नाकात शिरला. मूठभर गहू घेतला तर तळवा तुळतुळीत झाला. उन्हाळ्यात वहिनींना धड दिसत नव्हतं, त्यामुळे तेलाचा हात सैल सुटला होता. तेल माखलेल्या दाण्यात पाणी शिरायला वेळ लागतो. त्यात हा गहू आधी गच्चीवर तापलेला आणि मग सबंध उन्हाळा पत्र्याखाली शिजलेला. आणि उगवेना म्हणून पोरीनं घाबरून त्यात पाण्यावर पाणी ओतलं होतं, म्हणजे ज्या चार दाण्यांत धुगधुगी असेल त्यांचाही श्वास कोंडला. पोळ्यांना तो गहू उत्तमच होता, पण पेरण्यालायक नव्हता.

मग मला आठवलं, घटासाठी वहिनी कधीच कोठीतला गहू घेत नाहीत. नवरात्राच्या आदल्या दिवशी वाण्याकडून पसाभर ताजा गहू आणतात. इतकी वर्षं हात आपोआप करत आलेली गोष्ट, ती सांगायची असते हेच त्यांच्या ध्यानात आलं नसणार.

मी लगेच जाऊन वहिनींना सांगायला हवं होतं, पण सुनेला शब्द दिला होता. शिवाय मला वाटलं, आधी पोरीची खात्री पटू दे. कोठीतला चिमूटभर गहू घरी नेला, एका ओल्या फडक्यात बांधला. दुसऱ्या फडक्यात माझ्या डब्यातला, दुकानातून आणलेला. शाळेत मुलींकडून करून घ्यायचे तसाच हा प्रयोग. माझ्या गव्हाला पांढऱ्या मुळ्या फुटल्या. कोठीतले दाणे काही फुगले, बरेचसे तसेच तेलकट राहिले. मी दोन्ही पुरचुंड्या घेऊन छावनीत गेले आणि स्वयंपाकघरात ओट्यावर उघडून तिला दाखवल्या. तेल, ऊन, पत्रा, पाणी, सगळं समजावलं. मला वाटलं होतं तिचा चेहरा उजळेल.

तिनं मुळ्या फुटलेले दाणे बोटानं हळूच सारखे केले. "समझ गई, आत्या," ती म्हणाली. मग अगदी हळू, "और वो? उसमें कौनसा तेल लगा था?"

माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, पण पुस्तकातलं. सुरुवातीच्या महिन्यांत असं अनेकींचं होतं, बहुतेक वेळा गर्भातच काही उणं असतं, आईच्या करण्या न करण्याचा त्यात दोष नसतो. मी ते तिला सांगितलंही. तिनं मान डोलावली. वर्गातल्या हुशार मुली न पटलेल्या गोष्टीला डोलावतात तशी. मला तिच्यापेक्षा माझाच राग आला. एवढं विज्ञान गोळा करून मी तिथे उभी होते आणि त्याचा त्या पोरीला कवडीचा उपयोग नव्हता. पुरचुंड्या बांधून मी घरी आले आणि रस्ताभर मला फार वाईट वाटत राहिलं.

रोज आरतीच्या वेळी आतून प्रश्न यायचा आणि रोज सून सांगायची, येतंय आई, वाढतंय आई. घट एकदा बसला की हलवायचा नाही, त्यात ढवळाढवळ करायची नाही, म्हणून नवं काही पेरताही येत नव्हतं. पोर जेवेनाशी झाली होती. भाचा मला विचारायला लागला, आत्या, हिला झालंय काय?

अष्टमीला वहिनी पलंगावरून उठल्या. म्हणाल्या, आज देवीला माळ मी घालणार. भाऊ दुकानात गेला होता, भाचा ऑफिसात. घरात आम्ही तिघीच. भिंतीला हात लावत, काळा चष्मा लावून त्या देवघरापर्यंत आल्या. सून दाराशी खिळून उभी राहिली. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं होतं. त्या वाकल्या आणि परडीत हात घातला.

त्यांची बोटं कलशाभोवतीच्या मातीवरून हळूहळू सबंध फिरली. एक दाणा त्यांनी चिमटीत धरला, चोळला, नाकाशी नेला. त्यांना कळलं. आयुष्यभर त्या गव्हाला तेल लावत आलेल्या बाईला ते कळायला फडक्यातला प्रयोग लागत नाही.

"वहिनी, ते काय झालं, कोठीतले..." मी सुरुवात केली.

"वन्सं, थांबा जरा." त्यांनी दाराच्या दिशेनं हात केला. "तू इकडे ये. बस इथे."

सून त्यांच्या पायाशी जाऊन बसली. "आई, मी खोटं बोलले. रोज..."

"ते असू दे. ऐक. माझ्या पहिल्या घटालाही काही आलं नव्हतं. अशीच परडी, बोडकी. नऊ दिवस मी तोंड लपवून हिंडत होते. वाटायचं, माझ्याच हाताला यश नाही, या घरात आता माझ्याकडून काही चांगलं व्हायचं नाही." त्यांनी चाचपडत तिची हनुवटी शोधली. "तरी पुढे तुझा नवरा झालाच ना? चांगला चार किलोचा झाला. होईल गं तुझंही. नाही झालं तरी तू आमचीच आहेस."

वहिनी खोटं बोलत नाहीत. फोनवर कुणाला घरात नाही म्हणून सांग, एवढंसुद्धा त्यांना चालत नाही, त्यावरून भावाशी त्यांची कित्येकदा जुंपली आहे. आणि इथे तर समोर नंदादीप जळत होता, अष्टमीचा दिवस होता.

हे लिहायचं धाडस मी करते आहे, कारण सून मराठी फर्डं बोलते, पण वाचायचा तिला कंटाळा आहे. वहिनींच्या पहिल्या नवरात्रात मी नववीत होते आणि तो घट मला लख्ख आठवतो. धान इतकं दाट आलं होतं की कलश निम्मा झाकून गेला होता. माझी आई शेजारपाजारच्या बायकांना हाका मारमारून बोलावत होती, या, आमच्या सुनेचा पायगुण बघून जा. दसऱ्याला सगळ्या भाऊबंदांना तुरे वाटून वर उरले होते.

सुनेनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. "सच, आत्या?"

काळ्या चष्म्याआड वहिनींचे डोळे मला दिसत नव्हते.

"अगं, मी होते ना तेव्हा घरात," मी म्हटलं. "एक अंकुर म्हणून आला नव्हता."

तिनं वहिनींच्या मांडीत डोकं खुपसलं आणि ती मोठ्यानं रडायला लागली. श्रावणातसुद्धा ती रडलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती.