पुरता न विझणारा बल्ब

मुखेडच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचो, तेव्हा मी बारक्या निऑन बल्बांचा आकडे दाखवणारा बोर्ड केला होता. बल्ब चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर बंद केला, तरी बल्बांच्या पोटात नारिंगी ठिणगी धुगधुगतच राहायची. आमचे सर चिडायचे.

"बंद कर म्हणलं ना!"

"केलंय, सर."

"मग हे काय हाय? आपल्या लातूरच्या ऑफिसावाणी नुसतं 'हाव, करतो' म्हणतंय अन् करत न्हाई!"

निऑनला पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, पण एकदा पेटला की थोडक्यावर तग धरतो. बंद ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा जरासा करंटही त्याला पुरायचा. शेवटी मी प्रत्येक बल्बला समांतर एक रेझिस्टर जोडला. झिरपणारा करंट बल्बाऐवजी तिकडून गेला आणि बोर्ड ठार काळा झाला. सर पहिल्यांदा हसले.

आता सर नाहीत. विद्यार्थी मिळेनात म्हणून कॉलेजची विज्ञान शाखाही बंद झाली. मी दर महिन्याला लातूरला संस्थेच्या ऑफिसात जातो आणि विचारतो, "शाखा परत सुरू होणार का?" क्लार्क मान वर न करता म्हणतो, "हाव."

तेवढ्यावर मी परतीच्या एसटीत धुगधुगत बसतो. माझ्या अंगाला कुणी एक रेझिस्टर का लावत नाही?