खिशातला प्लग

देऊळगाव राजाच्या निवृत्ती रेडिओवाल्याच्या सदऱ्याचा खिसा कायम फुगलेला. लोकांना वाटायचं, पानाचा डबा असेल. त्याची बायको कोकिळा मात्र धुण्याच्या दगडावर रोज एखादा प्लग हुडकून काढायची. कुणाचाही रेडिओ उघडण्याआधी निवृत्ती त्याच्या वायरीच्या टोकाचा प्लग स्क्रू काढून सोडवी आणि खिशात टाकी. तपासताना तो स्वतःच्या बॅटरीच्या डब्यातून वीज देई. त्याच वेळी भिंतीतलीही आली, तर दोन विजा आत भिडून ट्रान्झिस्टर गेलेच समजा. प्लगच खिशात असल्यावर कोण काय चालू करणार?

हिशेब चोख होता. फक्त त्यात रंगराव सरपंच धरलेले नव्हते.

रंगरावांच्या गावात नुकतीच वीज आली होती. पंचायतीचा रेडिओ घरघरू लागला, म्हणून निवृत्तीला बोलावणं गेलं. रेडिओ चावडीच्या पुढच्या खोलीत आणि सॉकेट मागच्या, वायर भिंतीच्या भोकातून गेलेली. निवृत्तीनं मागं जाऊन वायरीचा प्लग सोडवून खिशात टाकला, पुढं येऊन डबा जोडला. घरघर सापडलीच होती, तोच फस्स झालं आणि धूर निघाला.

मागच्या खोलीतून रंगराव बाहेर आले. दाराला कुलूप घातलं आणि ओसरीवर बसलेल्या जालन्याच्या व्याह्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "जाळला ना बे, पंचायतीचा रेडिओ!"

निवृत्ती खिसा चाचपत राहिला. प्लग तर तिथंच होता!

बाजारच्या दिवशी रंगरावांनी देऊळगावच्या बस स्टँडवर उभं राहून तेच सांगितलं. आठ वर्षांत एक संच न जाळलेल्या माणसाच्या दुकानातून तिघांनी आपापले रेडिओ उचलून नेले. वर एकजण म्हणाला, "सरपंच खोटं काऊन बोलतील?" निवृत्तीच्या अंगाचा तिळपापड झाला. सरपंच झाला की माणसाची जीभ धुतल्या तांदळासारखी होते की काय!

चावडीसमोर राहणारी मंजुळाबाई बाजाराला आली, तेव्हा दुकानात डोकावली. "निवृत्ती, त्या दिवशी रंगराव माही काडीपेटी घेऊन गेला, अजून देल्ली नाही. बिडी तं तो ओढत नाही. मंग काड्या काय व्याह्याचे दात कोरायले नेल्या?"

निवृत्तीनं तिच्याकडे पाहिलं आणि तसाच उठला.

तिच्याबरोबर तो गावी पोचला, तेव्हा चावडीत ग्रामसभा भरलेली होती. निवृत्तीनं सगळ्यांसमोर प्लग उंच धरला. "हा माह्या खिशात होता. मागची खोली उघडा."

"चावी घरी राह्यली," रंगराव म्हणाले.

"करगोट्याले काय लटकून राह्यलं मंग, मंगळसूत्र?" मंजुळाबाईनं विचारलं. सभा खदखदली. खोली उघडावीच लागली.

सॉकेटच्या भोकांत वायरीची दोन उघडी टोकं, आणि ती निसटू नयेत म्हणून शेजारी ठोसलेल्या दोन काड्या. बटन अजून चालूच! निवृत्तीनं आधी ते बंद केलं. व्याह्यांना रेडिओ ऐकवायची केवढी घाई!

"जाऊ दे, दोघांचीबी थोडी थोडी चूक झाली," रंगराव हसत म्हणाले. "आता दुरुस्त कर."

"दोघांची?" निवृत्तीचा आवाज चढला. "काड्या तुमी घातल्या, धूर माह्या नावावर! करतो दुरुस्त. पन जिथं उभं राहून बोलले, तिथंच खरं काय ते सांगा. तोवर प्लग माह्यापाशी."

पुढच्या बाजारी बस स्टँडवर रंगराव शेजारच्या बकरीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुटपुटले.

"मोठ्यानं," निवृत्ती म्हणाला. खिशावरचा हात त्यानं काढला नाही.

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठं जालन्याच्या गाडीतल्यांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या.