भाऊजींचं रशियन

माझ्या चुलत दिरांइतका हट्टी माणूस गोदावरीच्या या बाजूला दुसरा नाही. पलीकडे असेलही, पण तो हट्टापायी रशियन शिकला नसेल. भाऊजी शाळेत विज्ञान शिकवायचे. कॉलेजात असताना अणूच्या आतल्या कणांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्या मनात भरलं होतं. पुढे हैदराबादला जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते दिसलं, पुठ्ठा निघालेलं. मधलं पान उघडलं, त्यावर नुसत्या आकृत्या आणि गणितं, ओळखीची निघाली, घेतलं. परतताना निर्मल गाव मागे पडल्यावर बसमध्ये पहिलं पान उघडलं तर अक्षरं भलतीच. पुस्तक तेच, पण रशियनमध्ये भाषांतर केलेलं.

आमच्या घरात आंबट निघालेला आंबाही टाकत नाहीत, त्याची चटणी करतात. भाऊजींनी पुस्तक टाकलं नाही, भाषाच शिकून घेतली. कोश मागवला आणि ओसरीवर बसून मोठ्याने शब्द लावत राहिले. बाजारात भेंडी घेतली की भाजीवालीचे रशियनमध्ये आभार मानायचे. ती तेलुगूत मला विचारायची, काय म्हणतो हा? मला काय ठाऊक. पुस्तक इंग्रजाचं, भाषा रशियाची, सांगणार मराठीत आणि ऐकणारी मी चौथी शिकलेली. एकदा म्हणाले, "वयनी, एक कण असा हाय, तुमच्यातून आरपार जाऊन राह्यला, तुमाले पत्ता बी नाई."

"मंग त्याचं काम काय?"

"काम काई नाई. जाते."

"मंग जाऊ द्या त्याले. तुमी जेवून घ्या."

यंदा आदिलाबादला एक तरुण डॉक्टर आला, रशियात शिकलेला. भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून निघाले. माझे गुडघे निमित्ताला. डॉक्टरसमोर त्यांनी अख्खं पान वाचून दाखवलं. पोरगा चांगला, हसला नाही. म्हणाला, "काका, ही कोणती भाषा आहे?" मग त्याने तेच पान वाचलं. ते काही वेगळंच, मऊ मऊ वाहणारं. भाऊजींना त्यातला एक शब्द ओळखू येईना. कोशातून शिकलेले, ती भाषा त्यांनी कधी कानांनी ऐकलीच नव्हती. पण अर्थ विचारला तर सगळा बरोबर सांगितला. म्हणजे त्यांना रशियन येतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरलाही कळलं नसावं.

परतीच्या बसमध्ये म्हणाले, "वयनी, सारं वायाच गेलं काय?"

"मले काऊन इचारता? मी कुठं रशियाले गेली."

त्या दिवसापासून ओसरी गप्प झाली.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात, आणि जे वापरात आहे तेच पाटावर ठेवायचं. भाऊजींचं पुस्तक दरवर्षी विळ्याशेजारी असायचं. यंदा ती जागा रिकामी.

"पुस्तक कुठी हाय?"

"ते हत्यार नाई राह्यलं आता."

"माह्या विळ्याकडं पाहा. गुडघे गेल्यापासून त्यानं हिरवी काडी नाई कापली. म्या ठेवला ना? आणा."

त्यांनी आणलं. मी हळदकुंकू वाहिलं. मग भाऊजींनी पुस्तक उचललं आणि त्यांच्या त्या रशियनमध्ये वाचू लागले. ती भाषा जगात दुसरं कोणी बोलत नसेल. आत तवा तापला होता, तरी मी उठले नाही.

"समजलं काई?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"बरं," म्हणाले, आणि पान उलटलं.